सरांच्या वाट्याची फोड

सतरंजीवर बसायच्या आधी सर मनगटावरचं घड्याळ काढायचे, शर्टाच्या खिशात टाकायचे, खिशावर हलकेच थोपटायचे आणि म्हणायचे, "घाई नाही. तुमचं होऊ दे."

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते नाटक वाटलं. बाहेरून येणाऱ्या मोठ्या माणसांची असली नाटकं आम्ही खूप पाहिली आहेत. कोणी गाडीतून उतरल्या उतरल्या बूट काढतो, कोणी नमस्काराऐवजी म्हणायचा 'जोहार' पाठ करून येतो, आणि ऊन कललं की सगळ्यांनाच नागपूरची वाट दिसू लागते. तुम्हीही असे पाहुणे पाहिले असतील. सर मात्र ऊन कललं तरी हलायचे नाहीत. लांब झाडाखालून ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा. सर पुन्हा खिशावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "त्याला घाई असेल."

मी आरमोरीला कॉलेजात भूगोल शिकवते. वडील कुरखेड्याकडच्या खेड्यांतून प्राथमिक शाळेवर होते, त्यामुळे गोंडी लहानपणापासून कानावर पडलेली. एवढ्या भांडवलावर मला एका राष्ट्रीय केंद्राच्या कामात ओढलं. शाश्वत विकासाचं शिक्षण आणि सहकार्य, असं त्याचं लांबलचक नाव होतं. ते एका दमात म्हणू शकणारा माणूस मला सर सोडून दुसरा भेटला नाही. देशभरातली मुलं, शिक्षक, अधिकारी जंगलातल्या गावात येऊन राहतील आणि जंगल न संपवता त्यावर कसं जगायचं ते गावाकडून शिकतील, अशी कल्पना. ती सरांची, आराखडाही त्यांचाच. नकाशे काढणं आणि इकडचं बोलणं तिकडे पोचवणं हे माझं काम.

सर मूळचे पुण्याचे, प्रोफेसर म्हणून निवृत्त झालेले. या कामासाठी त्यांनी नागपुरात घर भाड्याने घेतलं होतं. उंच, किडकिडीत माणूस. मांडी घालता यायची नाही, म्हणून दोन्ही पाय एका बाजूला दुमडून नव्या नवरीसारखे बसायचे. गावातल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. सरांना ते कळायचं, आणि तेही हसायचे.

केंद्रासाठी जागा पसंत पडली ती कुरखेड्याच्या पलीकडे, एका गावच्या बोडीच्या काठी. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. काठाला लागून गावाच्या हक्काचं जंगल आणि त्याच्या तोंडाशीच मोहाची जुनी झाडं. जंगलावर गावाचा कायदेशीर हक्क, त्यामुळे गावच्या सभेनं हो म्हटल्याशिवाय तिथे खुंटीसुद्धा ठोकता येणार नव्हती. आणि या सभेची रीत अशी की तिथे हात वर करून मतं मोजत नाहीत. सगळ्यांचं 'हो' असेल तरच हो. एकानं जरी 'नाही' म्हटलं तरी विषय तिथेच थांबतो, लोक सतरंजी झाडून घरी जातात आणि पुढच्या सभेत पुन्हा पहिल्यापासून बोलणं सुरू. जो आला नाही त्याला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. गप्प बसलेल्याचा होकार धरायचा नाही.

सरांना या रीतीचं भारी कौतुक. याच रीतीवर आपलं केंद्र चाललं पाहिजे, असं ते म्हणायचे. ही रीत किती पक्की आहे ते मात्र एका दुपारी त्यांच्या स्वतःवरच बेतलं तेव्हा कळलं. जेवण जड झालं होतं, सभेत बोडीतल्या मासोळीचं बोलणं चाललं होतं, आणि सरांचा डोळा लागला. सभेचे अध्यक्ष मनिरामभाऊ यांनी सहज विचारलं, की पाहुण्यांचं काय म्हणणं. सर दचकून जागे झाले आणि म्हणाले, "अगदी बरोबर आहे."

मनिरामभाऊंनी शांतपणे सगळं बोलणं मासोळीपासून पुन्हा सुरू केलं. कोणी कुरकुर केली नाही. संध्याकाळ होत आली तेव्हा ते सरांना म्हणाले, "झोपेतल्याचं आमी धरत नाई सर. जागेपनी सांगा." सर कानापर्यंत लाल झाले. पुढे कितीतरी दिवस ते हा किस्सा नागपूर-पुण्याच्या लोकांना स्वतःच रंगवून सांगायचे.

केंद्राच्या विषयावर सगळं गाव हो म्हणालं, एक बुधाबाई सोडून. बुधाबाई म्हणजे बोडीजवळच्या शेवटच्या घरात राहणारी म्हातारी. नवरा गेलेला, मुली लग्न होऊन चामोर्शीकडे. उन्हाळ्यात मोह वेचायचा आणि त्यावर वर्षाचं मीठमिरची, कापडचोपड बघायचं, असा तिचा संसार. प्रत्येक सभेत ती शेवटी बसायची आणि विषय निघाला की एकच शब्द बोलायची, "नाई." कारण विचारलं तर म्हणायची, "मोठी शाळा आली का झाडाले कुंपन घालते." केंद्राच्या समितीतले लोक चिडायचे. एका म्हातारीपायी राष्ट्रीय केंद्र अडलं, असं मला फोनवर ऐकवायचे. सर एकदाही चिडले नाहीत. घड्याळ खिशात टाकून तिच्यासमोर बसायचे आणि म्हणायचे, "घाई नाही, बुधाबाई."

मोहाच्या दिवसांत ते गावातच राहिले. मोहफूल पहाटे गळतं. उजाडायच्या आत टोपली घेऊन झाडाखाली हजर असावं लागतं. उशीर झाला तर गुरं आणि हरणं खाऊन जातात, उरलेलं उन्हानं सुकून मातीला लागतं. सर रोज बुधाबाईच्या मागे जाऊ लागले. वाकता येत नव्हतं म्हणून गुडघ्यांवर रांगत फुलं वेचायचे. त्यात निम्मा पालापाचोळा असायचा, तो बुधाबाई घरी जाऊन निवडायची आणि तोंडानं अखंड काहीतरी पुटपुटायची. एकदा ती मला म्हणाली, "तुया सर लेकरावानी वेचते. मी कामं करू का त्याचा कचरा काढू?" एवढं बोलून ती हसली. गावात फोनला रेंज फक्त बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर यायची. सर धावत पाळीवर गेले आणि पुण्याला बायकोला मोठ्यानं सांगत सुटले, "अगं, बुधाबाई आज हसल्या."

हे सगळं मी अशासाठी सांगते आहे, की तुमचा गैरसमज होऊ नये. तो माणूस ढोंगी नव्हता. ढोंगी असता तर माझं काम सोपं होतं. चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

त्या उन्हाळ्यात आंब्याच्या पंडुमाच्या आधी बुधाबाईनं हो म्हटलं. पंडुम म्हणजे सण. तो झाल्याशिवाय गावात कोणी नव्या आंब्याला हात लावत नाही. तिनं सरांकडून भर सभेत बोलून घेतलं की मोहाची झाडं मोकळी राहतील, त्यांच्याभोवती काही येणार नाही. मग म्हणाली, "केंद्राच्या गोष्टी मोठ्या गावी होतील, तिथी आमाले कोण बसवते? तिथी तुमी असाल. आमचं 'नाई' तुमच्यापाशी ठेवते. लागंल तिथी सांगजा."

पंडुमाच्या दिवशी सरांना गावाबरोबर बसवून पहिल्या कैरीची फोड पळसाच्या पानावर दिली. ही फोड ज्यानं खाल्ली तो सभेतला माणूस झाला. त्याचं हो धरतात, त्याचं नाही धरतात, तो परगावी असला तरी दर पंडुमाला त्याचा वाटा काढून ठेवतात. बाहेरच्या कोणाला असं बसवलेलं मी पाहिलं नव्हतं. माझ्या वडिलांनी उभी नोकरी त्या भागात काढली, त्यांनाही नाही. सरांनी फोड तोंडात टाकली. आंबटपणानं त्यांचं तोंड वाकडं झालं, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. बायांनी आंबटपणाचं निमित्त करून चेष्टा केली. पण ते रडत होते, हे सगळ्यांना दिसत होतं.

यानंतर गाव निर्धास्त झालं. मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की सभा सगळीकडे तुमच्यासारखी चालत नाही. पण त्यांना तशी शंकाच कधी आली नाही. एक 'नाही' पुरतं, हे त्यांना जन्मापासून माहीत. आणि आपलं 'नाही' तिथे जाऊन बसलं आहे, मग काळजी कसली? खरं सांगायचं तर माझाही तेवढाच भरवसा होता.

समितीची बैठक चंद्रपूरला झाली. थंडगार हॉल, पाण्याच्या बाटल्या, समोर पडद्यावर मी काढलेला नकाशा. फक्त त्यावर कोणीतरी एक जाड लाल रेघ मारलेली होती. ती बोडीच्या काठानं जाऊन मोहाच्या झाडांना पोटात घेऊन परत येत होती. राष्ट्रीय केंद्र आहे, परगावची मुलं राहणार, या भागात वाघ आहे, भिंत हवीच, असं इंजिनियर सांगत होते. भिंत सरळ नेली तर सोपं जातं, म्हणून झाडं आत. सर माझ्यासमोरच बसले होते. घड्याळ मनगटावर होतं.

मी समितीची सभासद नव्हते, नकाशा समजावायला बोलावलेली होते. तरी उठले. गावानं होकार दिला तो झाडं मोकळी राहतील या बोलीवर, असं सांगितलं. समितीच्या अध्यक्षांनी माझं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मान हलवली आणि सरांकडे वळले.

"गावाची संमती आहे ना, सर?"

"आहे," सर म्हणाले. "सर्वांची आहे."

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. मग अध्यक्षांनी टेबलावर सगळीकडे नजर फिरवली आणि भिंतीला कोणाची हरकत आहे का, असं विचारलं. मी सरांकडे पाहत होते. बुधाबाईच्या मागे गुडघ्यांवर रांगत फुलं वेचणारा माणूस मला अजून दिसत होता. तोच समोर बसला आहे, आता तो एक शब्द बोलेल. सरांनी मनगट वळवून घड्याळ पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, "ठीक आहे, मंजूर." पुढचा विषय निघाला.

जेवणाच्या वेळी हात धुवायच्या बेसिनजवळ सर मला भेटले. आवाज नेहमीसारखाच मऊ. भिंतीवर अडून बसलो असतो तर केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात गेलं असतं, असं म्हणाले. आधी केंद्र होऊ दे, आत गेल्यावर भिंतीचं बघू. मग हात पुसत म्हणाले, "एकाच्या नाहीनं तिथे काय झालं असतं?"

एका म्हातारीच्या 'नाही'पुढे घड्याळ काढून बसणारा माणूस मला हे विचारत होता. पुढे केंद्राचे पहिले संचालक म्हणून त्यांचं नाव जाहीर झालं. मी ते वर्तमानपत्रात वाचलं. फसवल्यासारखं वाटलं, असं लिहिण्याची पद्धत आहे. मला तसं वाटलं नाही. फसवलंच. मला फसवलं त्याचं मी बघून घेईन, पण ज्यांनी पानावरची पहिली फोड दिली त्यांना फसवलं, आणि ते त्यांना जाऊन सांगायचं काम माझ्यावर टाकलं.

मी गावच्या सभेत सगळं जसंच्या तसं सांगितलं. कोणी आरडाओरडा केला नाही. बुधाबाईनं एवढंच विचारलं, "त्यानं नाई म्हटलं का नाई?"

"नाही म्हटलं," मी म्हणाले, आणि माझं मलाच कळलं की हे उत्तर नीट नाही. "म्हणजे काहीच बोलले नाहीत. गप्प बसले."

बुधाबाईचा चेहरा मोकळा झाला. "झोपला असन," ती म्हणाली. "त्याले बसल्या बसल्या झोप लागते. जागेपनी इचारा."

मला त्या क्षणी सरांचा जितका राग आला तितका आयुष्यात कोणाचा आला नाही.

भिंत झाली. आमच्याकडे कोणतंही सरकारी काम भिंतीपासून सुरू होतं, पुष्कळदा तिथेच संपतं. आत वसतिगृह नाही, वर्ग नाही, एक खोलीसुद्धा नाही. उंच भिंत, लोखंडी फाटक, फाटकावर केंद्राचं लांबलचक नाव आणि आत मोहाची झाडं. केंद्राचं नियोजन चालू आहे, असं विचारणाऱ्याला सांगतात. कुलपाची किल्ली चौकीदाराकडे. तो सायकलनं दहाच्या सुमाराला येतो. माणूस वाईट नाही, बायांना आत सोडतो. पण दहा वाजता मोहाखाली काय उरतं? भिंतीच्या वरून फांदी बाहेर आलेली आहे, तिच्याखाली पडेल तेवढं बुधाबाईनं या वर्षी वेचलं. टोपलीचा तळ झाकला नाही.

भिंत काढायचा ठराव करायचा, असं सभेत ठरू लागलं. जंगल गावाच्या हक्काचं, दिलेला शब्द मोडला, तेव्हा होकार परत. सगळ्यांचं हो होतं. या खेपेला बुधाबाईचंही. राहिला एकच माणूस, आणि त्याला विचारल्याशिवाय ठराव पुरा होत नव्हता, कारण त्याला गावानंच सभेत बसवलं होतं. मनिरामभाऊंनी मला सरांना फोन लावायला सांगितला. मी बोडीच्या पाळीवर जाऊन लावला. सर आनंदले. सगळ्यांची नावं घेऊन चौकशी केली, बुधाबाईंचे गुडघे कसे आहेत म्हणून विचारलं. मग मी ठरावाचं सांगितलं.

"घाई नाही," ते म्हणाले. "मी येतो. तोवर माझ्याशिवाय ठरवू नका. गावाची रीत आहे ती."

गाव थांबलं. सभा भरायची, सरांची जागा सतरंजीवर मोकळी ठेवायची, वाट पाहायची आणि उठायचं. मी पुन्हा फोन केला, पुन्हा तेच उत्तर. कधी दिल्ली, कधी तब्येत, पण आवाजात तोच मऊपणा. रीत काय आहे हे त्यांना आमच्यापैकी कोणाहूनही चांगलं पाठ होतं. मी मनिरामभाऊंना म्हटलं की ते येणार नाहीत, तुम्ही सोडा आता त्यांना. मनिरामभाऊ म्हणाले, "असा कसा सोडता मॅडम? तो आपला हाय."

आंब्याचा पंडुम आला. याही वर्षी मी गेले होते. भिंतीच्या बाहेर, बोडीच्या काठी सगळे बसले. परगावी गेलेल्यांचे वाटे पळसाच्या पानांवर काढून ठेवले, त्यात सरांचंही पान होतं. खाणं झाल्यावर तिथेच सभा भरली, आणि मनिरामभाऊंनी भिंतीचा विषय काढला. सगळ्यांचं हो झालं. मग नेहमीप्रमाणे सगळे सरांच्या मोकळ्या जागेकडे पाहू लागले.

बुधाबाई शेवटी बसली होती. ती उठली, गुडघे धरत पुढे आली आणि त्या जागेसमोर बसली. सर तिच्यासमोर बसायचे तशी. पानाकडे पाहून तिनं नेहमीच्या आवाजात विचारलं, "सरभाऊ, भिंत काढतो आमी. तुमचं नाई हाय का?"

बोडीवर वारा होता. चौकीदार फाटकाशी सायकल धरून उभा होता, तोही ऐकत होता. बुधाबाई वाट पाहत राहिली, अगदी नीट, उत्तर येणार असल्यासारखी. मग मनिरामभाऊंकडे वळून म्हणाली, "नाई म्हणला नाई तो."

मनिरामभाऊ चाचरले. गप्प राहिलेल्याचं आपण धरत नाही बुधाबाई, असं हळूच म्हणाले.

"त्याचं गप्प बसनं धरते," ती म्हणाली. "तिथी गप्प बसला अन् भिंत झाली. तो झोपला नोयता तवा. जागाच होता." एवढं बोलून ती थांबली. ही गोष्ट तिनं पहिल्यांदा तोंडातून काढली होती. "तिथी धरलं तं इथीबी धरा."

मनिरामभाऊंनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. कोणी नाही म्हटलं नाही. ठराव झाला.

भिंत अजून पूर्ण पडलेली नाही. कागद कचेरीत फिरतो आहे, तो फिरत राहील. पण बोडीच्या बाजूला टोपली घेतलेली बाई सरळ आत जाईल एवढी वाट पुढच्याच दिवशी सकाळी झाली. विटा कोणी काढल्या ते चौकीदारानं पाहिलं नाही, असं तो सांगतो.

निघताना बुधाबाईनं सरांच्या वाट्याचं पान दुमडून माझ्या हातात दिलं. "त्याचा वाटा हाय. भेटला तं देजो," म्हणाली. मला वाटलं होतं ती ते बोडीत टाकेल. मी असते तर टाकलं असतं.

ते पान आरमोरीला माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. आतली कैरीची फोड वाळून काळी पडली आहे, बोटाएवढी झाली आहे. टाकवत नाही. सरांचा परवा फोन आला होता, गावाकडे काय म्हणतात म्हणून विचारत होते. मी ठराव झाल्याचं सांगितलं नाही, फोडीचंही नाही. एक दिवस नेऊन देईन त्यांना. घाई नाही.